बियाणं मॅडम

पहिल्याच तासाला मॅडमनी आम्हा वीस जणांकडून फाशाचा छोटा प्रोग्राम लिहून घेतला आणि पडद्यावर आलेले आकडे मोठ्यानं वाचायला लावले. "दोन, पाच, चार, दोन, सहा," आम्ही एका सुरात ओरडलो आणि एकमेकांची तोंडं पाहू लागलो. वीस कॉम्प्युटर, वीस फासे आणि दान एकच. मॅडम कमरेवर हात ठेवून हसत होत्या. "हे रँड फंक्शन मनानं आकडे काढत नाही, गणित करतं. बियाणं तेच दिलं तर पीक तेच येणार." मग त्यांनी फळ्यावर एसरँडची ओळ लिहिली. घड्याळातली वेळ बियाणं म्हणून देणारी, दर वेळी नवे आकडे आणणारी. "ही ओळ घालायची राहिली, तं बठ्ठं नाटक शे, सगळंच नाटक," त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं बियाणं मॅडम.

आमचं पॉलिटेक्निक शिरपूरला. मॅडम दोंडाईच्याहून रोज एसटीनं यायच्या. नोकरी हंगामी, दर वर्षी नव्यानं मिळणारी. शिकवताना शुद्ध बोलायच्या, पण जीव गुंतला की अहिराणी यायची. कोणी "मॅडम, झालं" म्हटलं, की त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "परत चालव." एकदा बरोबर आलेल्यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

मी शेवटच्या वर्षाला असताना मुलींच्या वसतिगृहात चाळीस जागा होत्या आणि अर्ज एकशे बारा. ओळखीपाळखीचा बोभाटा नको म्हणून मॅडमनीच प्राचार्यांना सुचवलं, की कॉम्प्युटरवर सोडत काढू. प्रोग्राम त्यांनी मला लिहायला सांगितला. मी लिहिला. तपासताना दर वेळी वेगळे आकडे येऊन चूक सापडेना, म्हणून मी ती बियाण्याची ओळ काढून टाकली. चूक सापडली. ओळ परत घालायची राहिली. मॅडमना त्या दिवशी बस गाठायची होती. त्यांनी विचारलं, "परत चालवलंस ना?" मी म्हटलं, "हो मॅडम."

सोडत पालकांसमोर झाली, निघालेले नंबर फळ्यावर लिहिले गेले. टाळ्या वाजल्या. गर्दी पांगल्यावर सातपुड्याच्या पाड्यावरून आलेली सुनीता मॅडमसमोर येऊन उभी राहिली. तिनं तळहात पुढे केला. त्यावर पेनानं लिहिलं होतं एकतीस. "मॅडम, परवा यादीत माझा नंबर हाच होता. आज एकतीस निघाला, पण नाव दुसरीचं वाचलं."

मॅडमनी तिथेच प्रोग्राम पुन्हा चालवला. फळ्यावरचेच चाळीस आकडे, त्याच क्रमानं. तिसऱ्यांदा चालवला. तेच. बियाण्याची ओळच नव्हती. म्हणजे कार्यालयातल्या कुणीतरी आदल्या दिवशी प्रोग्राम चालवून पाहिला होता, कोणते नंबर निघणार ते लिहून घेतलं होतं आणि यादीतली नावं हलवली होती. "चुकी गयं व माय," मॅडम पुटपुटल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

त्या प्राचार्यांकडे गेल्या. मी दाराबाहेर होते. "सर, ही सोडत खोटी आहे. पुन्हा काढा."

"पेटी-बिछाने घेऊन मुली आल्यात, मॅडम. आता गोंधळ नको. प्रोग्राम केला कोणी?"

"मी."

मी आत जायला हवं होतं. कॅम्पसची मुलाखत आठ दिवसांवर होती. मी गेले नाही.

पुढच्या वर्षी मॅडमना बोलावणं आलं नाही. त्याआधी त्या दोनदा सुनीताच्या पाड्यावर जाऊन आल्या. तिला स्वतःच्या घरी ठेवून घ्यायची त्यांची तयारी होती. पहिल्यांदा घराला कडी होती. दुसऱ्यांदा शेजारणीनं सांगितलं, की पोरगी काकाबरोबर सुरतेला गेली, साड्यांच्या कारखान्यात.

सहा वर्षांनी मी दोंडाईच्याला गेले. मॅडम वाळल्या होत्या. घरातच दोन जुने कॉम्प्युटर मांडून शिकवण्या घ्यायच्या. चहाचा कप हातात घेऊन मी एकदाची बोलले, "मॅडम, ती ओळ मी काढली होती."

"माहीत शे. त्याच दिवशी फाइल पाहिली मी."

"मग माझं नाव का नाही सांगितलं?"

"एक पोरगी गेलीच होती. दुसरी कशाला घालवू?" एवढं बोलून त्या उठल्या. कपाटातून सुनीताच्या अर्जाची झेरॉक्स काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. मागे पेन्सिलीनं सुरतेचा पत्ता लिहिला होता. "शेजारणीनं दिला होता. मला आता गुडघ्यांमुळे जाववत नाही. तू जाशील?"

मी गेले. पत्र्याच्या चाळीतली खोली सापडली. दारात एक अनोळखी बाई मिरच्या निवडत बसली होती. ती म्हणाली, सुनीता इथेच राहायची, पण दिवाळीच्या आधीच सगळे खोली सोडून गेले. मी रिक्षा थांबवून ठेवली होती, तशीच स्टेशनला आले आणि मॅडमना फोन लावला.

सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कोणत्या गावाला गेले, ते विचारलंस का?"

मी विचारलं नव्हतं.