खोकल्याला आवाज होता

स्वातंत्र्यानंतरच्या चार-पाच वर्षांतली गोष्ट. मी साक्रीला मुलींच्या शाळेत शिकवत होते. त्या उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ विषमज्वरानं गेला. आईनं अंथरूण धरलं, म्हणून मी डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. आल्यागेल्यांचं पाहिलं आणि शाळा उघडताच साक्रीला परतले.

एक दिवस वर्गात पाढे म्हणवून घेताना माझा आवाज गेला. बसला नाही, घोगरा झाला नाही, गेलाच. ओठ हलत होते, बाहेर नुसती हवा. ज्येष्ठमध, गुळण्या, सगळं करून झालं. शेवटी धुळ्याच्या डॉक्टरांनी फडक्यानं जीभ धरून घशात छोटा आरसा घातला. बराच वेळ पाहून म्हणाले, "खोका बरं."

मी खोकले. खणखणीत आवाज आला! मीच दचकले.

"घसा चांगला आहे, बाई. खोकल्याला आवाज आहे, बोलण्याला नाही. घरी काही झालंय का?"

मी मान हलवून 'नाही' म्हटलं. नवल म्हणजे, तेव्हा मला ते खोटं वाटलं नाही.

वर्गात मी कुजबुजून शिकवू लागले. एरवी गलका करणाऱ्या मुली श्वास रोखून ऐकायच्या.

मी राहायचे त्या घरच्या अक्का एका संध्याकाळी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुना भाऊ कसा व्हता व, माय?"

कसा गेला, हे सगळ्यांनी विचारलं होतं. कसा होता, हे कोणीच नाही. मी कुजबुजतच सांगू लागले: शीळ घालत घरी यायचा, माझ्या ताटातली भाकरी पळवायचा, हसता हसता उचकी लागायची त्याला. आणि बोलता बोलता माझ्या छातीतून असा हंबरडा फुटला की तो कोणाचा, हे क्षणभर मला कळेना. शेजारणी दाराशी धावत आल्या.

"रडी ले, माय. बठ्ठं रडी ले," सगळं रडून घे, म्हणत अक्का पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रडणं ओसरलं तेव्हा मी पाणी मागितलं. माझ्याच आवाजात. गळ्यावर हात ठेवून मी नुसती बसून राहिले. हा देह माझा, आणि त्यानं माझ्या नकळत केवढं सांभाळून ठेवलं होतं!

शनिवारी एस.टी. धरून आईकडे गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आई, त्याच्याबद्दल बोलू या का?"

ती थोडी सरकली आणि तिनं माझ्यासाठी अंथरुणात जागा केली.