ट्रेन जाईपर्यंत थांबायचं

इथले भुताटकीचे अनुभव वाचून गालातल्या गालात हसणाऱ्यांतला मी. माझा धंदाच तसा आहे. डेट्रॉइटजवळ नोव्हायला राहतो आणि एका कार कंपनीत गाड्यांमधले आवाज शोधतो. डॅशबोर्डमागून खुडखुड येते, दाराशी कुईकुई होते... ती नेमकी कुठून येते हे सापडेपर्यंत माझी सुटका नसते. आवाज आहे म्हणजे कुठेतरी काहीतरी हलतंय, एवढ्या एका गोष्टीवर माझं पोट चालतं. भुताखेतांना त्यात जागा नव्हती.

आमची एकुलती एक मुलगी सई. जन्म इथलाच. इंजिनियरच्या घरात जन्मून तिला वेड मध्ययुगीन इतिहासाचं! "कुणावर गेली कोण जाणे," असं मी म्हणायचो आणि माझी बायको मेधा "माझ्यावर तर नाही" म्हणून हात झटकायची. मास्टर्ससाठी सईने इंग्लंडमधलं डरहम निवडलं. मेधाचा साफ विरोध. ॲन आर्बरची युनिव्हर्सिटी उंबऱ्याशी असताना समुद्रापार कशाला? मी म्हटलं, जाऊ दे पोरीला. ती गेली.

तिचं घर रेल्वेच्या पुलाखाली होतं. उंच दगडी कमानींवरून गाड्या जातात आणि कमानींच्या पायथ्याशी, चढावर, विटांची चिंचोळी घरं एकमेकांना चिकटून उभी आहेत. चारदोन गल्ल्यांची वस्ती, सगळी विद्यार्थ्यांनी भरलेली. शेजारी कुणी शिंकलं तर हिने इकडून "ब्लेस यू" म्हणावं, इतक्या पातळ भिंती. "बाबा, इथे दूध आणायला कार लागत नाही!" याचंच तिला केवढं अप्रूप.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. फोन ओट्यावर, पोळ्यांच्या डब्याला टेकवलेला. मेधा लाटता लाटता बोलणार, मी मधेमधे नाक खुपसणार. आणि केव्हातरी सईच्या डोक्यावरून ट्रेन जायची. "होल्ड ऑन, ट्रेन!" की आम्ही तिघंही गप्प. तिची खिडकी थरथरायची, कपातला चमचा किणकिणायचा. ट्रेन गेली की ती तिच्या अमेरिकन मराठीत म्हणायची, "हं, आता बोला." मग अर्धं राहिलेलं वाक्य पुढे सुरू. नंतर नंतर तिला "होल्ड ऑन" म्हणावंही लागेना. आवाज आला की मेधाचं लाटणं आपोआप थांबायचं.

फेब्रुवारीत तिला ताप आला. फ्लू असेल म्हणाली. इन्फेक्शन मेंदूपर्यंत गेलं. डॉक्टरांनी शर्थ केली, पण मी विमानात असतानाच ती गेली.

मेधा येऊ शकली नाही. मी अमेरिकन पासपोर्ट घेतला होता, तिने मात्र हट्टाने भारतीय ठेवला होता. तिला व्हिसा लागणार होता. मी सईला घेऊन परत आलो तरी तो आलेला नव्हता. आईला लेकीचं घर बघायला मिळालं नाही ते नाहीच.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं असं उरलं नाही. जे होतं ते एकच — "तू पाठवलंस तिला." ऑक्टोबरात मेधाने पुण्याला बहिणीकडे कायमचं जायचं ठरवलं. मागच्या गल्लीत मुलाकडे राहणाऱ्या नागपूरच्या शोभाकाकूंना ते कळलं आणि त्या रविवारी सकाळी समजवायला आल्या. चहाचा कप हातात घेऊन त्या ओट्याशी बसल्या होत्या.

"अगं, एकटी तिकडे जाऊन काय करशील? दोघं मिळून रडा नं!"

"नाही काकू," मेधा म्हणाली. "याच्याकडे बघितलं की मला तेच ऐकू येतं, 'जाऊ दे पोरीला'. आता मी जाते आणि परत या घरात पाऊल—"

आणि डोक्यावरून ट्रेन गेली.

आधी घुमणारा खर्ज, मग वजन, मग चाकांचा ठेका, आणि त्यात चमच्याची किणकिण. इथली मालगाडी नव्हे. ती रटाळ असते, भोंगा वाजवत जाते. ही छोटी, वेगात. हा आवाज मी झोपेतही ओळखेन. मेधा शब्दाच्या मध्यावर थांबली होती. मीही उत्तर द्यायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभा. दोघंही पोळ्यांच्या डब्याकडे बघत होतो.

आवाज विरला. आम्ही वाट बघत राहिलो. कशाची, ते दोघांनाही ठाऊक होतं.

"काय झालं बाप्पा?" काकू घाबरून म्हणाल्या. "दोघंही एकदम गप्प का झाले?"

"काकू, आवाज..."

"कायचा आवाज? मला तर काहीच नाही आलं!"

शेजारच्या गराजचं दार उघडलं तरी ज्यांना कळतं, त्या काकू.

मेधा खाली बसली. कितीतरी महिन्यांनी तिने माझ्याकडे सरळ बघितलं. "अरे... कसं होतं तिचं घर?"

मग मी सांगितलं. उभा जिना. तिच्या खोलीचं उतरतं छत, ज्यावर माझं डोकं आपटलं. खिडकीतून दिसणारे कॅथीड्रलचे मनोरे. फुटपाथ अडवणारे कचऱ्याचे डबे. मी तिच्या बॅगा घेऊन निघालो तेव्हा गल्लीतली पोरं दारादारांत उभी होती, कुणी पायजम्यात, कुणाच्या हातात टोस्ट. वरून ट्रेन गेली आणि सगळे थांबले. मीही थांबलो. मेधा ऐकत होती आणि रडत होती, मीही रडत होतो. काकू केव्हा उठून गेल्या, कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून आवाज मोजायचा मीटर आणला. घर तापवणारी फर्नेस, तिचे डक्ट, फ्रीज, एकेक तपासलं. रुळांचा नकाशा काढला. काही नाही. दोघांना एकाच क्षणी एकच भास होतो का? होत असेल. मला माहीत नाही. आयुष्यात पहिल्यांदा एक आवाज मला सापडला नाही. आणि खरं सांगतो, तो सापडू नये असंच वाटतं.

मेधाने तिकीट पुढे ढकललं. कॅन्सल केलं नाही, खोटं कशाला सांगू. पण रविवारी ती पुन्हा पोळ्या लाटते. बोलता बोलता आम्ही मधेच थांबतो, काही आवाज आलेला नसतानाही. मग बराच वेळ दोघंही डब्याकडे बघत बसतो. "हं, आता बोला" म्हणणारं कुणी नाही, म्हणून वाक्य तिथेच राहतं.