दादाच्या पंख्याचा आवाज

माणूस जातो, पण त्याचे विचार मागे उरतात, असे शोकसभेत सांगतात. माझ्या दादाच्या मागे त्याच्या संगणकातल्या बायोसच्या, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीच्या, सेटिंग्ज उरल्या. त्याने प्रोसेसरचा वेग कंपनीने ठरवला होता त्याहून वाढवला होता आणि वीज वाचवण्याच्या सगळ्या सोयी बंद केल्या होत्या. त्यामुळे काम असो वा नसो, प्रोसेसर पूर्ण वेगाने धावे आणि आतला पंखा घरभर घोंघावत राही. "डुलक्या घेणारा प्रोसेसर काय कामाचा?" असे दादा म्हणायचा आणि दुपारी दोन तास झोपायचा.

परवा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढा तो आवाज थांबवा हो. डोकं उठतं."

मी बायोस उघडून वीजबचत सुरू केली. वेग तेवढाच राहिला, पण काम नसताना प्रोसेसर स्वस्थ बसू लागला. पंखा जवळजवळ गप्प झाला.

वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "बंद पडला?"

"नाही वहिनी. काम नसलं की आता विश्रांती घेतो."

त्या दाराशीच थांबल्या. दादाच्या खुर्चीकडे पाहत म्हणाल्या, "आत पोळ्या लाटताना वाटायचं, हे बसलेत बाहेर. पूर्वीसारखं करा."

बायोसमध्ये प्रत्येक पर्यायाचा परिणाम शेजारी लिहिलेला असतो. हा लिहिलेला नव्हता.

मी सगळे होते तसे करून दिले. आता तो संगणक दिवसभर पूर्ण वेगाने फक्त घड्याळ दाखवतो. तेही सात मिनिटे मागे आहे.