निफाडात निफाडकर नसतो

मी इंग्लंडातल्या लीड्सला निघाले त्या दिवशी एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत, आमच्या क्वार्टरसमोर टॅक्सी उभी होती. आई रडत होती आणि अण्णा, माझे वडील, ड्रायव्हरला विचारत होते, "गाव कोणतं तुमचं?" तो सिन्नरचा निघाला. मग दोघांचं कांद्यावर बोलणं सुरू झालं. मला वाटलं, विमान चुकणार. टॅक्सी हलताना अण्णा खिडकीशी वाकले. "तिकडं कोणी गाव इचारलं तर निफाड सांग. एकलहरं नको सांगू. इथं आपण नोकरीपुरतं हाय."

लीड्सला मी कॉलेजात मानवी भूगोल शिकवते. पहिल्या तासाला अर्थ, स्वरूप, व्याप्ती, म्हणजे मुलांना झोप आणणारा ऐवज. माणूस जागेला घडवतो आणि जागा माणसाला, हा झाला अर्थ. दोघंही बदलत राहतात, म्हणून विषयाचं स्वरूपही बदलतं. आणि वस्ती, शेती, धंदा, बोली, स्थलांतर, सगळं त्याच्या पोटात. इंग्रजीत बोलताना माझ्या डोळ्यांसमोर मात्र कॉलनीच असते.

तिथे एकलहऱ्याचं असं कोणी नव्हतंच. शेजारच्या काकू सटाण्याच्या, अहिराणीत "भाजी चांगली शे" म्हणत वाटी पुढे करायच्या. वरच्या मजल्यावर मालवणी, मागे वऱ्हाडी. अण्णांचं आडनाव वेगळं, पण बॉयलरवर सगळे त्यांना निफाडकर म्हणायचे. ते ऐकलं की अण्णांची मान ताठ व्हायची. निफाड त्यांनी पोरवयात सोडलं होतं, कारण जमिनीच्या तुकड्यात चार भावांचं भागत नव्हतं. तरी दर वर्षी जत्रेला ते जायचेच. निवृत्तीनंतर नाशिकरोडच्या फ्लॅटमध्ये आले, तिथेही लिफ्टमध्ये भेटेल त्याला निफाडच सांगायचे. आमच्या आडनावांना 'कर' लागतो तो माणूस गावाबाहेर पडल्यावर, हे मला खूप उशिरा कळलं. निफाडात कुणाला निफाडकर म्हणायची गरजच पडत नाही.

जे देशात मागे राहिलात, ते तुम्ही मला लंडनवाली म्हणता. लीड्स लंडनपासून लांब आहे, हे सांगून मी थकले. आणि जे माझ्यासारखे गेलात, तुम्हाला माहीत आहे, फ्रोझन भेंडी फोडणीत टाकताना आपण कुणाशी बोलतो ते. मी तर अण्णांना फोन स्पीकरवर लावूनच स्वयंपाक करायचे. "थंडी लय हाय का?" ते उन्हाळ्यातही विचारायचे.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. आई त्याआधीच गेली होती. मला पोहोचायला उशीर झाला. तोंड दिसलं नाही. त्यांनी सांगून ठेवलं होतं, "मला रामकुंडात नको. माझ्या गावच्या नदीत सोडा." काका कोणी उरले नव्हते, त्यांची मुलंही पुण्या-मुंबईकडे. मी एकटीच अस्थी घेऊन गेले.

नदीकडची वाट द्राक्षबागेतून जात होती. बागेतल्या माणसाने अडवून चौकशी केली. मी अण्णांचं नाव सांगितलं. तो आठवू लागला, आणि मला अचानक भीती वाटली, की हा ओळखणारच नाही.

"हां, ते एकलहरेकर होय?" तो म्हणाला. "आमचे आबा लय नाव काढायचे त्यांचं. जत्रेला पाहुणे यायचे ना ते."

त्याने हे मायेने म्हटलं. बायकोला चहा ठेवायला सांगितला, अनवाणी पायांनी नदीपर्यंत माझ्याबरोबर आला. त्याला काय दोष देणार? पण मी काठावर बसून हमसाहमशी रडले. अण्णांनी जन्मभर ज्या गावाचं नाव लावलं, तिथे ते पाहुणे होते. जिथे त्यांची हयात गेली, त्या जागेला त्यांनी कधी आपलं म्हटलं नाही.

आता कोणी मला घर कुठे विचारलं, तर शिकवायची व्याख्या उपयोगी पडत नाही. जिथे आपण पाहुणे नसतो, ते घर, एवढंच मला समजतं. माझ्यासाठी अशी जागा म्हणजे एक माणूस होता. त्याची राख मी त्या दिवशी नदीत सोडून आले.