निळ्या शाईची चिठ्ठी

घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. मी लिहावं हे धाडसच आहे, माफ करा.

अपघातानंतर माझी अक्का पुनर्वसन केंद्रात पुन्हा चालायला शिकते आहे. धरून चालायच्या दांड्या गंजून हलतात. वर भिंतीवर कलेक्टर साहेबांची चिठ्ठी काचेत लावली आहे. निळ्या शाईत वळणदार अक्षर: ‘केंद्रास निधी तातडीने द्यावा.’ बाबा त्या चिठ्ठीला हात जोडतात. “वाच रे पुन्हा,” म्हणतात. मी वाचतो, अक्का पडते, आणि मला त्या सुंदर अक्षराची चीड येते.

काल साहेबांच्या कचेरीत जाऊन जाब विचारला. कारकून हळूच म्हणाला, “पोरा, काम करायचं असलं की साहेब हिरव्या शाईनं लिहितात. निळी आली की आम्ही बाजूला ठेवायची.”