खिडकीतलं रान

आमच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचा तास शेवटच्या खोलीत व्हायचा, कारण बऱ्या खोल्या विज्ञानवाल्यांनी आधीच बळकावल्या होत्या. त्या खोलीला धड अशी एकच खिडकी. तिच्यातून काळं सपाट रान दिसायचं, पार आभाळाला टेकेपर्यंत, आणि मधून परभणीहून पूर्णेकडे जाणारे रूळ. युरोपातल्या पंडितांनी निसर्गाच्या सौंदर्यावर जे काही लिहून ठेवलं, ते मी या खिडकीशी उभा राहून उभी हयात शिकवलं. त्यांच्या ग्रंथांत बर्फाचे डोंगर, खवळलेले समुद्र, अंगावर येणारे कडे. आमच्याकडे उंच म्हणायला पाण्याची टाकी.

उदात्त म्हणजे काय हे समजावताना फारच पंचाईत व्हायची. एका वर्षी धरणाचे दरवाजे उघडले होते, म्हणून मी अख्खा वर्ग येलदरीला नेला. पाण्याचा तो धिंगाणा बघून माणसाला आपलं खुजेपण कळतं आणि तरीही आत काहीतरी ताठ उभं राहतं, असं मी गळा ताणून सांगितलं. पोरांनी फोटो काढले, मासे कुठे स्वस्त मिळतात ते विचारून घेतलं. परतताना एका मुलीनं विचारलं, "सर, हे परीक्षेला हाय का?"

तरीही मी नेट धरून होतो, आणि त्याला कारण माझी माय. एक जर्मन तत्त्वज्ञ सांगतो की सौंदर्य दिसायचं तर समोरच्या वस्तूत आपला स्वार्थ गुंतलेला नको. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं. आमच्या घराण्याचा या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या कसलाच स्वार्थ नव्हता, कारण जमीनच नव्हती. पुस्तकाच्या हिशेबानं माझी माय जिल्ह्यातली सगळ्यात मोठी रसिक ठरायला हवी होती. ती जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात वाकून कापूस वेचत राहिली. मी शिकून आलो त्या वर्षी एका संध्याकाळी बांधावर उभा राहून मी तिला म्हणालो, "माय, बघ की, किती सुंदर दिसतंय." तिनं मान वर केली, डोळ्यांवर हात धरला आणि विचारलं, "कुणाचं हाय रे हे वावर?"

माझा सगळा प्रबंध म्हणजे त्या प्रश्नाला दिलेलं लांबलचक उत्तर. माय गेली तेव्हाही ते पुरं झालं नव्हतं. पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली होती. आमच्या पोरांना हे रान नुसतं बघता यावं, मालक म्हणून नाही, मजूर म्हणूनही नाही. नोकरीत मला एवढंच साधायचं होतं.

आणि ते साधतंय असं मला वाटायला लागलं. इतर विषयांना विद्यार्थी मिळेनात तेव्हाही माझा वर्ग भरलेला असायचा. पिंगळीकडची, मिरखेलकडची, पूर्णेची पोरं माझा विषय घ्यायची. माझा तास दुपारी, त्या पोरांचा दिवसातला शेवटचा. तास संपत आला की एकेक करत सगळी मान वळवून खिडकीबाहेर बघायला लागायची, अगदी गप्प. मी मुद्दाम आवाज उतरवायचो, कधी बोलणंच थांबवायचो. पाहणं जमायला लागलं, असं मी स्टाफरूममध्ये दहादा सांगितलं असेल. एका चर्चासत्रात तर त्यावर निबंधही वाचला आणि टाळ्या घेतल्या.

मग रेल्वेनं पॅसेंजरची वेळ बदलली. मी तिकडे लक्षही दिलं नाही. पुढच्या वर्षी माझ्या वर्गात मोजकीच डोकी उरली, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून कमी.

उन्हाळ्यात आमच्या भागातले प्राध्यापक विद्यार्थी गोळा करत गावोगाव फिरतात. बारावीचा निकाल लागला की कुणाच्या ओसरीवर बसायचं, पोराचं कौतुक करायचं आणि आपला विषय त्याच्या गळ्यात घालायचा. भरल्या वर्गाच्या जोरावर मी या फिरण्याला नेहमी नाक मुरडत आलो होतो. आता इतिहासाच्या सरांच्या स्कूटरवर मागे बसून मीही पिंगळीला गेलो. तिथे माझा एक जुना विद्यार्थी बियाण्यांचं दुकान चालवतो. तो पाया पडला, त्यानं चहा मागवला.

"सर, एवढ्या उन्हात कामून फिरायलाव?"

तत्त्वज्ञानाला कुणी येत नाही, असं मी सांगितलं. तो मोकळेपणानं हसला.

"आता कशाला येतील सर? गाडीची येळ बदलली न्हवं. पहिलं तुमचा तास सुटला की पॅशिंजर घावायची. दुसऱ्या विषयाचे तास त्याच्या म्होरंबी चालायचे, तिकडं बसलं की हुकायची. अन् तुमच्या खिडकीतून शिंगल लय झ्याक दिसायचा. हिरवा झाला की आमी वह्या दप्तरात."

"म्हणजे तुम्ही बाहेर बघायचात ते…"

"शिंगल बघायचो सर."

"आणि रान?"

"रान काय बघायचं सर? रानातूनच तर यायचो."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. माझ्यावर त्याचा जीव आहे, हे मला माहीत आहे, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. इतिहासाचे सर परतीच्या वाटेवर स्कूटर चालवता चालवता एकटेच हसत होते. मला रडू येत होतं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, पण इथे घडा पालथा आहे हेसुद्धा मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.

विषय बंद झाला. प्राचार्यांनी फार सभ्यपणे, खुर्ची देऊन सांगितलं. आता माझ्याकडे पर्यावरणाचा सक्तीचा पेपर आहे. पोरं गाईडमधून प्रदूषणाची कारणं पाठ करतात आणि पास होतात.

त्या शेवटच्या खोलीत हल्ली मोडके बाक रचून ठेवलेत. रिकाम्या तासाला मी तिथे जाऊन बसतो. समोरच्या निम्म्या रानात प्लॉटचे दगड रोवलेत आणि रस्त्याकडेला भला मोठा बोर्ड लागलाय. कुणाचं हाय हे, असं मायनं आता विचारलं असतं तर मला वाचून सांगता आलं असतं. उरलेल्या रानाकडे मी नुसतं बघायचा प्रयत्न करतो, जसं बघावं असं जन्मभर सांगितलं तसं. काही दिसत नाही. नजर फिरून फिरून सिग्नलवर जाते. तो हिरवा झाला की मी पुस्तक मिटतो, पिशवी खांद्याला लावतो आणि उठतो. मला कुठलीच गाडी पकडायची नसते. माझं घर कॉलेजच्या मागच्याच गल्लीत आहे.