चांदपाशाचं दार

लोबान जाळायचा तो जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी. मग बायको, सुलतानबी, हल्ली रोजच घरात धूर का करते, हा प्रश्न चांदपाशाला खाटेवर पडल्यापडल्या पोखरू लागला.

चांदपाशा लातूरचा गवंडी. भूकंपाच्या रात्री तो औशाकडे सासुरवाडीला होता. दगडी भिंत मानेवर आली आणि मानेखालचं सगळं शरीर परकं झालं. हात हलत नाहीत, पाय हलत नाहीत, चिमटा काढला तरी पत्ता नाही. उरली मान, जीभ, डोळे आणि संशय. संशयाला मेल्याला हातपाय लागतच नाहीत, तो पडल्या जागी गावभर फिरून येतो.

त्याची खाट पुढच्या खोलीत, दारासमोर, पाय दाराकडे आणि मानेखाली उशी. गल्लीतून शिकवणीच्या पोरापोरींचे लोंढे जायचे. कोण सायकलवरून पडलं, कोण घरी फोन करून रडलं, त्याला सगळी खबर. त्या दारावरच तो जगत होता. पण कोचिंगमुळे गल्लीतल्या खोल्यांना सोन्याचा भाव आलेला.

म्हणजे डाव उघड होता. ही खोली भाड्याने बघायला येणाऱ्यांना आजारपणाचा वास नको, म्हणून धूर! नांदेडला दिलेली लेक शबाना येऊन राहिली होती. मायलेकी स्वयंपाकघरात कुजबुजायच्या आणि हा खाकरला की चिडीचूप. काल तर त्याला कुशीवर वळवताना शबानाने नाकाला ओढणी लावली. मांजर डोळे मिटून दूध पितं, त्यातली गत.

"मला मागच्या अंधाऱ्या खोलीत टाकून हितं पोरं ठेवायलीस, हाव ना?" शेवटी तो गरजला.

सुलतानबी खाटेपाशी येऊन बसली. "पडून पडून माकडहाडावर जखम झाली तुमच्या. हाडापतूर गेलीया. तुम्हाला तर काई कळंना. वास येऊ न्हाई म्हनून लोबान."

"मग सांगायचं न्हाई का?"

"डाक्टर म्हनला, भरून येईपतूर पालथंच ठेवा. लई महिने लागतेत. मंग दार कसं दिसंल तुम्हाला? माझ्या तोंडून निघंना."

चांदपाशाला स्वतःची भयंकर लाज वाटली. डोळे भरून आले. सुलतानबीने पदराने ते पुसले, कारण त्याला पुसता येत नव्हते. त्याने दाराबाहेर बराच वेळ बघून घेतलं.

"कर पालथा," तो म्हणाला. "दार तेवढं उघडं ऱ्हाऊ दे."

मायलेकींनी चादरीला धरून त्याला पालथा केला. पाठीमागे त्या दोघी हळू आवाजात काहीतरी बोलत होत्या, आणि काय बोलताय असं त्याने एकदाही विचारलं नाही.